नावापुढची अक्षरे

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. १९५४ साली गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी हा सगळा धानाचा आणि तेंदूपत्त्याचा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. थेट मतदारांपुढे जाऊन बाबासाहेबांनी लढवलेली ती शेवटची निवडणूक ठरली.

त्या निवडणुकीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, आणि आजचा विषय निवडणूक हा नाही. आपल्याकडे घरोघरी बाबासाहेबांच्या तसबिरी असतात, कॅलेंडरे असतात. त्यांवर नावापुढे अक्षरांची एक लांबलचक रांग छापलेली असते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल. डी., डी. लिट. लहान मुले ती मोजतात आणि मोठी माणसे अभिमानाने वाचून दाखवतात. परंतु ही अक्षरे मिळाली कशी, कोणत्या क्रमाने मिळाली, त्यांतील कोणते विद्यापीठ बाबासाहेबांनी स्वतः निवडले आणि कोणते दुसऱ्याने त्यांच्यासाठी निवडले, याकडे सहसा कोणी वळत नाही. निकाल लागले की गोंदियातल्या घरांमधून जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे पुढे शिकायचे की नोकरी धरायची, नागपूर की पुणे की थेट परदेश, विषय कोणता आणि पैसे कोण देणार, तेच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परळच्या चाळीतल्या एका तरुणापुढे होते. त्याची उत्तरे देता देता त्याची चौदा वर्षे गेली.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आणि पुढे मुंबईला आले. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या टक्केवारीच्या बाजारात हे गुण सांगायलाही मुले लाजतील. पण अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी सभा भरवून कौतुक करण्याजोगी घटना होती, आणि तशी सभा झालीही. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळुसकरांनी पुढे त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेत भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले तेही इंग्रजी आणि फारसी घेऊन. ज्या माणसाने पुढे धर्मशास्त्रांची एवढी चिकित्सा केली, त्याच्या पदवीचे विषय त्याने निवडलेले नव्हते. जे दार उघडे होते त्यातून तो आत गेला होता.

पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांना हे पसंत नव्हते. मुलाने मुंबईतच राहावे असे त्यांना वाटत होते. रुजू होऊन काही दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. घरात पत्नी रमाबाई, तान्हा यशवंत आणि थोरल्या भावाचा संसार. मिळवता हात हवा होता. अशा वेळी बहुतेक घरांतून जे होते ते म्हणजे शिक्षण थांबते.

त्याच सुमारास बडोदे सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवण्याच्या विचारात होते. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. विद्यापीठ न्यूयॉर्कचे कोलंबिया. नीट पाहिले तर या पहिल्या निवडीत भीमरावांचा वाटा थोडाच होता. त्या काळी परदेशी शिकायला जाणारा हिंदी तरुण बहुधा इंग्लंडला जाई, बॅरिस्टर होण्यासाठी नाही तर आय. सी. एस.च्या परीक्षेसाठी. स्वतःच्या पैशाने जाणारा मुलगा अमेरिकेचे नाव क्वचितच काढी. अमेरिका ही सयाजीरावांची पसंती होती आणि ज्याचे पैसे त्याची पसंती चालणारच. भीमरावांच्या हातात उरले ते एवढेच की, तिथे पोहोचल्यावर काय शिकायचे.

आणि इथेच त्या माणसाचे वेगळेपण दिसू लागते.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. आधी विद्यापीठाचे वसतिगृह, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल असे बिऱ्हाड बदलत गेले. या शेवटच्या ठिकाणी नवल भथेना नावाचा पारशी तरुण भेटला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. मुंबई विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. नेमलेली पुस्तके वाचायची आणि पेपर लिहायचे. कोलंबियात पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपला अभ्यासक्रम स्वतः जुळवायचा असे. ही पद्धत अमेरिकेने जर्मन विद्यापीठांकडून उचलली होती. कोलंबियातील राज्यशास्त्र विद्याशाखा १८८० मध्ये सुरू झालेली, म्हणजे देशातील अगदी पहिल्या काही पदव्युत्तर शाळांपैकी एक. अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र हे विषय तिच्या छताखाली एकत्र नांदत होते.

शाळेत एका विषयाचे दार बंद झालेल्या मुलासमोर एकदम इतकी दारे उघडली म्हटल्यावर त्याने काय करावे? कोलंबियातील नोंदींवरून त्याने घेतलेले अभ्यासक्रम मोजता येतात. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचा एकेक. असे एकूण साठ! पदवीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. हे हावरेपण होते, पण त्याला दिशा होती. जवळजवळ अर्धे अभ्यासक्रम अर्थशास्त्राचे. सार्वजनिक वित्तव्यवहार, म्हणजे सरकार पैसा कुठून आणते आणि कुठे घालते, हा त्याचा गाभा. या विषयातले मोठे नाव एडविन सेलिग्मन. भीमराव त्यांचे विद्यार्थी झाले. तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई होते, इतिहासात जेम्स हार्वे रॉबिन्सन, मानववंशशास्त्रात अलेक्झांडर गोल्डनवायझर. विद्यापीठ महाराजांनी निवडले असेल, पण गुरू आणि विषय विद्यार्थ्याने निवडले. परदेशी विद्यापीठाच्या नावावर भाळणाऱ्या आजच्या पालकांनी हा तपशील जरूर वाचावा.

१९१५ मध्ये एम. ए. झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे वित्त हा प्रबंधाचा विषय. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. जातिसंस्था टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावण्याच्या रूढीमुळे, हे त्या निबंधाचे मुख्य म्हणणे. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. पुढच्याच महिन्यात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना स्वराज्याच्या चळवळीत ओढत होते. या विद्यार्थ्याने मात्र आधी अभ्यास पुरा करण्याचा आपला शब्द पाळला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

प्रबंध सादर झाला, तरी पीएच. डी. पदरात पडली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, अशी कोलंबियाची तेव्हाची रीत होती. छपाईला पैसे लागतात आणि दरमहा साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याकडे ते कुठून असणार? म्हणून ही पदवी अकरा वर्षे लोंबकळत राहिली.

कोलंबियाचा मुक्काम संपत आला तेव्हा दुसरी निवड करण्याची वेळ आली, आणि ही निवड त्यांची स्वतःची होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ मध्ये निघालेली. तिचे वय भीमरावांपेक्षाही कमी. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्या मानाने तिला वलय नव्हते, पण चलन, बँका आणि करव्यवस्था यांच्या अभ्यासासाठी तिथे एडविन कॅनन यांच्यासारखे प्राध्यापक होते आणि लंडनमध्ये इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते. हिंदुस्थानच्या कारभाराची मूळ कागदपत्रे तिथेच पाहायला मिळणार होती. सेलिग्मन यांनी शिफारसपत्रे दिली. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूलमध्ये नाव दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. बडोद्याची तीन वर्षांची मुदत संपली होती. महाराजांनी वर्षभराची वाढ दिली, तीही संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात परतणे भाग पडले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. सामानाबरोबर पुस्तके दुसऱ्या बोटीने रवाना केली होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराच्या माऱ्याने बुडाली.

बडोद्याची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. करार पाळायला हा माणूस बडोद्याला गेला तर राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना विश्रामगृहातून बाहेर काढले. दहा वर्षांच्या कराराची नोकरी अशी संपली. करारपत्र लिहिणाऱ्यांनी शिष्यवृत्तीचे पौंड मोजले, नोकरीची वर्षे मोजली. या अधिकाऱ्याला शहरात खोली कोण देणार, हे कोणी विचारले नव्हते.

यानंतरची तीन वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी हा पगार चांगलाच होता. कोलंबियाची एम. ए., सरकारी कॉलेजातली खुर्ची, वय सत्तावीस. दुसरा कोणी असता तर चाळ सोडून बंगला घेतला असता आणि अर्धवट राहिलेल्या पदव्या विसरला असता. प्राध्यापक आंबेडकर चाळीतच राहिले आणि पगारातून लंडनसाठी पैसे बाजूला टाकत गेले. याच काळात ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि मेअखेर शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद झाली. सार्वजनिक जीवनाचे दार सताड उघडले होते आणि लोक त्यांच्याकडे नेता म्हणून पाहू लागले होते. नागपूरच्या परिषदेनंतर पाच आठवड्यांनी, ५ जुलै १९२० रोजी, ते विद्यार्थी होण्यासाठी बोटीवर चढले.

यावेळी खर्च स्वतःचा होता. पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे दीड हजार रुपये आणि नवल भथेनांकडून पाच हजारांचे कर्ज. करारपत्र कोणाचे नाही, तसा महिन्याच्या महिन्याला पैसा येण्याचा भरवसाही नाही. लंडनमध्ये ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात शिरत ते संध्याकाळी बंद होईपर्यंत तिथेच असत. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा. आणि नेमके याच काळात रुपयाचे हाल झाले. १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्याही वर गेलेला रुपया १९२१ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. आधी ज्या शंभर रुपयांचे दहा पौंडांहून अधिक झाले असते, त्यांचे आता सहा-सव्वासहाच होत. हुंडणावळीचा दर ही पुस्तकातली गोष्ट उरली नव्हती, ती जेवणाच्या ताटात उतरली होती. डी. एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला तो रुपयाचाच. रुपयाची किंमत कशाशी बांधावी, ती स्थिर कशी राहील आणि सरकारच्या मर्जीवर चलन सोडल्याने कोणाचे नुकसान होते.

इकडे परळला रमाबाई दोन खोल्यांत संसार ओढत होत्या. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. जगला तो एकटा यशवंत. कोणत्याही पदवीच्या खर्चाच्या हिशेबात हा आकडा लिहिलेला नसतो. नावापुढच्या अक्षरांबद्दल बोलताना तो लिहिला पाहिजे, असे मला वाटते.

१९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेशासाठी खटपट केली होती. त्यासाठी जर्मनमध्ये अर्ज लिहिला. कोलंबियातला तो प्राथमिक जर्मनचा अभ्यासक्रम असा उपयोगी पडला. तिथला अभ्यास मात्र पुरा झाला नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. ब्रिटिश धोरणावरची त्यातली टीका त्यांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. एप्रिलमध्ये मुंबईला परतून त्यांनी निष्कर्षांना धक्का न लावता प्रबंध नव्याने लिहिला आणि टपालाने पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. आपले नागपूर विद्यापीठ त्याच वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये स्थापन झाले होते. त्याआधी नागपूरच्या कॉलेजांतली मुले अलाहाबाद विद्यापीठाची परीक्षा देत.

प्रबंधाचे पुस्तक लंडनला निघाले. प्रस्तावना कॅनन यांची होती, आणि विद्यार्थ्याची काही मते आपल्याला पटत नाहीत हे त्यांनी त्यात मोकळेपणी नोंदवले. शिष्याच्या पुस्तकात गुरूने असे लिहावे आणि शिष्याने ते जसेच्या तसे छापावे, हे आपल्याकडे फारसे पाहायला मिळत नाही. हे पुस्तक बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केले. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रिझर्व्ह बँक याच प्रबंधातून जन्मली असे हल्ली सर्रास म्हटले जाते. ते सरळसोट खरे मानायचे कारण नाही. प्रबंधाची योग्यता त्याशिवायही मोठी आहे.

मग राहिले कोलंबिया. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापून झाला, प्रती न्यूयॉर्कला गेल्या आणि जून १९२७ मध्ये पीएच. डी.ची पदवी मिळाली. तोपर्यंत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रहही होऊन गेला होता. तसबिरीवर पीएच. डी. आधी छापतात आणि डी. एस्सी. नंतर, मिळाल्या त्या उलट्या क्रमाने. हा ग्रंथ अर्पण केला आहे सयाजीराव गायकवाडांना. बडोद्यात जे घडले त्यानंतरही शिष्यवृत्ती देणाऱ्याचे ऋण त्यांनी पहिल्या पानावर छापले.

पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे. गोलमेज परिषदा, १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खाते, कायदा मंत्रिपद, राज्यघटना, १९५२ मध्ये त्याच कोलंबियाची सन्माननीय एलएल. डी., दुसऱ्या वर्षी उस्मानियाची डी. लिट., ऑक्टोबर १९५६ मधील नागपूरची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ चे महापरिनिर्वाण. आपल्या विषयाला लागून असलेली एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. कार्यकारी मंडळात गेल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाच्या, विशेषतः विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणाच्या, शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. त्यानंतर सरकारने दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद केली आणि काही मुले परदेशी गेली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्तीची योजना १९५४-५५ पासून सुरू झाली. महाराष्ट्र शासनानेही पुढे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अशी योजना काढली. तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, ज्यांनी १९२० मध्ये लंडनला निघालेल्या प्राध्यापकाच्या हातावर दीड हजार रुपये ठेवले होते.

या योजनेचा अर्ज भरताना आधी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र जोडावे लागते. विद्यापीठ आणि विषय मुलानेच शोधायचा, शिफारसपत्रे त्यानेच मिळवायची, आणि मग सरकारकडे पैसे मागायचे. १९१३ मध्ये बडोद्याला क्रम उलटा होता.